माईंची मान

"मला नुसतं अण्णांचं पोट दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

खरंच तसं होतं. पलंगावर आडव्या ठेवलेल्या टेबलावर माझा लॅपटॉप होता आणि त्याच्या पडद्यावर गावाकडच्या पाणी सोसायटीची सभा चालली होती. सभा म्हणजे आम्हाला दिसत होती ती एवढीच: टेबलाची कड, पाण्याचा तांब्या आणि पांढऱ्या सदऱ्याची दोन बटणं. सचिव पुंजारामांनी तिकडे मोबाईल टेबलावरच्या वह्यांना टेकवून ठेवला होता. आवाज मात्र स्वच्छ येत होता. सोसायटीचे उपाध्यक्ष दौलतअण्णा ढोकळे सांगत होते की धरण यंदा अर्धंच भरलंय, तेव्हा कालव्याचं पाणी आधी वरच्या शेतांना द्यावं आणि उरेल ते खाली सोडावं. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांना मान्य आहे ना?"

पुढच्या बाजूने पाच-सहा आवाज आले, "मान्य, मान्य." त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मानेला लोखंडी दांड्यांचा कठीण पट्टा होता, त्यामुळे त्यांना डोळ्यांनीच काय ते करता यायचं. मग त्या म्हणाल्या, "पुंजाराम, निर्णय आज नको. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू." तिकडे कुजबुज झाली. अण्णांनी समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं की द्राक्षाचे मणी आता फुगवणीवर आलेत, थांबून चालायचं नाही. सासूबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी लॅपटॉप बंद केला.

त्यांचं नाव इंदुमती थेटे. मी त्यांना आई म्हणायचे, पण कालव्याकाठची सगळी गावं त्यांना माई म्हणायची, आणि ही गोष्ट त्या माईंचीच आहे म्हणून मीही इथे तेच म्हणते. सासरे गेल्यावर त्या एकट्या गावी राहून शेती बघायच्या, आणि गेली बरीच वर्षं पाणी सोसायटीच्या अध्यक्षा होत्या. दिवाळीच्या आधी कालव्याच्या एका गेटवरून त्या खाली पडल्या आणि मानेचा मणका दुखावला. पाय गेले, डावा हात गेला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेवढी हलत. माझे यजमान जयवंत त्यांना नाशिकला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले.

खरं सांगायचं तर लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला त्यांची फारशी ओळख नव्हती. आमच्याकडे येत तेव्हा त्या कमी बोलत, ताटातलं निमूट जेवत आणि दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी पकडत. सोसायटीचं काम म्हणजे सह्या आणि हारतुरे असावेत, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मी त्यांना पाणी पाजत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "शांतता ऐकू येते गं, पण ती कुणाची आहे ते कळत नाही." मग म्हणाल्या, "तू ते मशीनचं शिकवतेस ना पोरांना? मला एक मान करून दे."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. सभेत त्या नेहमी बसत तिथे मोबाईल ठेवायचा, आणि तो त्यांना इथून, नाशिकहून, स्वतः वळवता आला पाहिजे. डावीकडे, उजवीकडे, थोडा वर, थोडा खाली. माणसाची मान वळते तसा.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. काम अवघड नव्हतं, पण त्याहून सोपा उपाय माझ्याकडे होता. आमच्या विभागात सगळी खोली एकाच वेळी दाखवणारा गोल कॅमेरा होता. तो मधोमध ठेवला की पुढचा, मागचा, कोपऱ्यातला, सगळे एकदम दिसणार. दुसऱ्या दिवशी मी तो घरी आणला आणि त्यांना दाखवला. त्यांनी पडद्यावर आमची अख्खी बैठकीची खोली पाहिली, कडेला वाकडा दिसणारा पंखाही पाहिला आणि म्हणाल्या, "हे नको."

मी म्हटलं, "आई, यात काही सुटणार नाही. सगळे दिसतील."

"सगळे एकदम दिसून मी काय करू? मला वळता आलं पाहिजे."

मला तो हट्ट वाटला. आजारी माणसाचा हट्ट पुरवावा, एवढ्याच भावनेने मी कामाला लागले.

प्रयोगशाळेतून रोबोटच्या हाताला लावतात तशा दोन लहान मोटारी आणल्या. एक आडवी वळणारी, दुसरी वर-खाली झुकवणारी. त्यांच्यावर जुना मोबाईल बसवला. खाली प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, आणि तो उभा राहावा म्हणून स्टीलच्या डब्यात वाळू भरून त्यात रोवला. माईंच्या उजव्या अंगठ्याखाली एका मोडक्या व्हिडिओ गेमच्या रिमोटमधली काडी बसवून दिली. त्यांनी अंगठा हलवला की ती खूण लॅपटॉपमधून इंटरनेटवर जाणार, तिथून मोबाईलला, मोबाईलकडून एका छोट्या सर्किटला आणि सर्किटकडून मोटारींना.

पहिल्या दिवशी ते यंत्र वेड लागल्यासारखं वागलं. माई अंगठा दाबायच्या, काहीच व्हायचं नाही, म्हणून आणखी दाबायच्या, आणि मग सगळं एकदम पोचून मोबाईल गर्रकन भिंतीकडे तोंड करायचा. मी वेग वाढवून पाहिला, ते आणखी बिघडलं. इंटरनेटला लागणारा वेळ मी कमी करू शकत नव्हते. मी वैतागून बसले होते, तेव्हा पलंगावरून आवाज आला, "इतकी घाई कशाला त्याला? मी काय चिमणी आहे? हळू वळू दे." वेग निम्म्याहून कमी केला आणि काम झालं. मोबाईल आता सावकाश, जरा जडपणे वळायचा, एखादं वयस्कर माणूस वळतं तसा. वळताना मोटारीचा बारीक घुर्र आवाज यायचा. तो बंद करायला मी तेल आणलं, तर माई म्हणाल्या, "असू दे आवाज."

उंचीवरूनही असंच झालं. मी पाइप टेबलाच्या मापाने कापला होता. त्यांनी तो अर्धा करायला लावला. सभेत लोक सतरंजीवर बसतात, मीही खालीच बसते, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी एक विचित्र परीक्षा घेतली. यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवायला सांगितलं. मी, जयवंत आणि शेजारच्या नलूताई, तिघांना अंतराअंतरावर बसवलं. स्वतः आतल्या पलंगावरून अंगठ्याने मोबाईल फिरवला, थांबवला आणि विचारलं, "आत्ता मी कुणाकडे बघतेय?"

मी म्हटलं, माझ्याकडे. जयवंत म्हणाले, माझ्याकडे. नलूताईंनाही वाटलं की आपल्याकडेच.

"मग नाही जमलं," माई म्हणाल्या.

पडदा चपटा असल्यामुळे त्यांचा चेहरा तिघांनाही दिसत होता आणि प्रत्येकाला आपल्याकडेच पाहिल्यासारखं वाटत होतं. मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, आतून काळा रंग दिला आणि मोबाईलच्या दोन्ही बाजूंना घोड्याला लावतात तशा झापडा बसवल्या. आता माईंचा चेहरा फक्त समोरच्या माणसालाच दिसायचा. बाकीच्यांना काळ्या झापडा दिसायच्या आणि त्या कुणाकडे वळल्या आहेत तेही कळायचं. पुन्हा परीक्षा झाली. या वेळी तिघांचंही उत्तर एकच आलं. माईंनी हसून डोळे मिटले. त्या बघू शकतात की नाही हे सोडून आम्ही भलतंच काय तपासतोय, असं माझ्या मनात आलं. पण मी विचारलं नाही.

सभेच्या दिवशी मी एकटीच यंत्र घेऊन गावी गेले. जयवंत माईंपाशी थांबले. सभा सोसायटीच्या गोदामात होती. एका बाजूला खताच्या गोण्या लावलेल्या, उरलेल्या जागेत सतरंज्या. पुढे द्राक्षबागांचे मालक बसले होते. कालव्याच्या अगदी शेवटाला ज्यांची शेतं, त्यांना सगळे टेलवाले म्हणत; ते दाराजवळ, चपलांच्या शेजारी दाटीवाटीने बसले होते. त्यांत चार-पाच बायका होत्या.

मी माईंच्या जागेवर डबा ठेवला तेव्हा हशा पिकला. कुणी म्हणालं, माईंना डब्यात भरून आणलं. मलाही ओशाळल्यासारखं झालं. चारचौघांत ते यंत्र फारच केविलवाणं दिसत होतं. मी फोन जोडला आणि मागे जाऊन गोण्यांपाशी उभी राहिले.

घुर्र आवाज झाला. झापडा उजव्या टोकाला वळल्या आणि पहिल्या माणसासमोर थांबल्या.

"रामराम, कारभारी. गुडघा कसा आहे?"

तो म्हातारा हसत होता, तो एकदम थांबला. डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाला, "बरा आहे, माई." झापडा पुढच्याकडे गेल्या. मग त्याच्या पुढच्याकडे. माई एकेकाला नावाने रामराम घालत होत्या आणि ज्याच्यासमोर यंत्र थांबेल तो माणूस नकळत सावरून बसत होता. दारापर्यंत पोचेस्तोवर गोदामातलं हसू पार ओसरलं होतं. मला माझ्याच हातांनी जोडलेल्या तारा दिसत होत्या, डब्यावरचा खरवडलेला पत्रा दिसत होता. तरीही त्या जागेवर कुणीतरी येऊन बसलंय, असं मलाही वाटायला लागलं.

दौलतअण्णा बोलायला उठले. माणूस वाईट नव्हता. माई पडल्या तेव्हा त्यांना स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारे तेच होते. त्यांनी आपली बाजू नीट मांडली. बागेवर वर्षभराची मेहनत असते, ऐन फुगवणीत पाण्याचा ताण बसला तर सगळा माल जातो. खालच्यांचा हरभरा आणि गहू त्या मानाने कमी पाण्यावर निभावतात. माई आजवर पाण्याची पहिली पाळी टेलला देत आल्या ते ठीकच होतं, पण ती वर्षं भरल्या धरणाची होती. ते बोलत होते तोवर झापडा त्यांच्यावरून हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "मग सगळ्यांना मान्य आहे ना?"

"मान्य," पुढची रांग म्हणाली.

आणि मागच्या आठवड्यात ऐकली होती तीच शांतता पसरली.

तेव्हा मोटार घुर्र करून फिरू लागली. अण्णांपासून निघून, पुढच्या रांगेवरून, मधल्या माणसांवरून, सावकाश, कुणापाशी न थांबता. जसजशा झापडा वळत गेल्या तसतशी माणसांची डोकी त्यांच्यामागोमाग वळत गेली. मी मागून पाहत होते. वाऱ्याने गव्हाचं शेत एका बाजूला कलावं तशी ती सगळी सभा दाराकडे कलली. झापडा एका बाईसमोर थांबल्या. यमुनाबाई गांगुर्डे त्यांचं नाव, हे मला नंतर कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

माई काही बोलल्या नाहीत. यंत्र हललं नाही.

इतका वेळ गेला की मला वाटलं, नेट अडकलं. मी पुढे होऊन मोबाईलला हात लावणार तोच पुंजारामांनी मला खुणेने थांबवलं. मी वाकून झापडीच्या आत डोकावले. पडद्यावर उशीवरचा माईंचा चेहरा होता, आणि त्यांची पापणी लवली. त्या तिथेच होत्या. त्या वाट पाहत होत्या.

यमुनाबाईंनी वर पाहिलं.

"माई, आमच्याकडं विहीर नाही," त्या म्हणाल्या. "अण्णांकडं विहीर आहे, बोअर आहे, शेततळं आहे. आमचं सगळं कालव्यावर. आधी आलं तर येतं, मागून येईल म्हटलं की येतच नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग मागच्या सभेत का नाही बोललात?" माईंनी विचारलं.

यमुनाबाईंनी शेजारणीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. "कोणत्या तोंडानं बोलायचं, माई? तुम्ही पडलात त्या आमच्याच गेटवर. आमचं पाणी सोडायला आल्या होतात. तुम्ही अशा अंथरुणाला खिळल्यात, आणि आम्ही उठून आम्हाला पाणी द्या म्हणायचं? टेलवरचं कुणीच बोलणार नाही, असं आम्ही ठरवलं होतं."

दाराजवळ एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. मला कळून चुकलं की त्या आठवड्याची ती शांतता कशाने भरलेली होती. लॅपटॉपवर अण्णांचं पोट बघत असतानाही माईंना ती वेगळी ऐकू आली होती.

"यमुना, माझ्याकडे बघ," माई म्हणाल्या. "मी पडले ती शेवाळावरून. शेवाळ काढायचं काम सोसायटीचं, आणि अध्यक्ष मी. तुम्हाला कुणी सांगितलं तुमच्यामुळे पडले म्हणून?"

"कुणी नाही."

"मग गप्प बसून मला आणखी लोळागोळा का करता? मी त्या गेटवर गेले ते पाणी तुमच्यापर्यंत जावं म्हणून. तेच थांबलं तर मी पडले ते फुकटच."

त्यानंतर मोटार पुन्हा फिरली. आता ती उलट दिशेला, तितक्याच सावकाश, प्रत्येक चेहऱ्यावरून आली आणि दौलतअण्णांसमोर थांबली. माईंनी त्यांना एक शब्दही विचारला नाही. मी गोण्यांना टेकून उभी होते. त्या गोल कॅमेऱ्याने सगळी सभा दाखवली असती, पण कुणाकडेही पाहिलं नसतं. कालव्याच्या पाण्यावर सत्ता चालवायला या बाईकडे ना पोलीस होता ना कुलूप. वर्षानुवर्षं ती फक्त न बोलणाऱ्या माणसाकडे वळत आली होती, आणि ती कुणाकडे वळली आहे हे सगळ्यांना दिसत आलं होतं. सगळा कारभार तेवढ्यावर चालला होता. आणि ती बाई माझ्या घरी येऊन निमूट जेवून जात होती.

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली आणि खाली बसले.

"पहिली पाळी टेलला," ते म्हणाले. "पण माई, दुसरी मला लगेच पाहिजे. मधे खंड नको."

झापडा यमुनाबाईंकडे गेल्या. त्यांनी मान हलवली. मग झापडा पुंजारामांकडे वळल्या आणि माई म्हणाल्या, "लिहा. आणि गेटचं शेवाळ उद्याच काढायचं, तेही लिहा. अण्णा, दोन माणसं तुमची, दोन खालची."

सभा उठल्यावर लोक माझ्याकडे आले नाहीत, ते डब्याकडे गेले. एकेकजण समोर बसून माईंशी बोलला. घरचं, तब्येतीचं, कुणाच्या सुनेच्या बाळंतपणाचं. अण्णा सगळ्यांत शेवटी बसले आणि त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, कारण मी बाहेर अंगणात निघून गेले होते.

पाणी सुटायच्या दिवशी यमुनाबाईंनी निरोप पाठवला की माईंना टेलवर घेऊन या. म्हणून मी पुन्हा यंत्र घेऊन गेले. कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या शेवटच्या चारीच्या बांधावर डबा ठेवला. चारी कोरडी ठणठणीत होती, तळाला भेगा पडलेल्या, वाळका पाला साठलेला. आम्ही आठ-दहा जण उन्हात बसून होतो. माईंनी झापडा वरच्या अंगाला लावून ठेवल्या होत्या.

आधी आवाज आला, पाल्यात कुणी हळू चालावं तसा. मग ते दिसलं. पाण्याचं तोंड गढूळ होतं, पुढे फेस आणि काटक्या ढकलत यायचं, एखाद्या भेगेत शिरून क्षणभर थांबायचं, ती भरली की पुन्हा निघायचं. त्याच्यापुढे मुंग्या आणि किडे धावत होते. वरून दोन बगळे उतरले. यमुनाबाई चारीत उतरून अनवाणी उभ्या राहिल्या आणि पाणी त्यांच्या पावलांना वळसा घालून पुढे गेलं.

यंत्र त्या पाण्याबरोबर वळत होतं. माई नाशिकला पलंगावर पडून, अंगठ्याने, त्या तोंडावरची नजर न हलवता त्याची सोबत करत होत्या. पाणी आमच्या समोरून गेलं, पलीकडे निघालं, आणि तिथे मोटार अडली. तिला त्या टोकापलीकडे वळता येत नव्हतं; तसं मीच तिला जोडलं होतं. ती जागच्या जागी थरथरत राहिली. माईंचा अंगठा अजून दाबलेला होता, हे मला कळत होतं.

मी डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. वाळूने तो चांगलाच जड होता. मी पाण्याच्या दिशेने वळले आणि त्याच्या बरोबरीने बांधावरून चालू लागले.